पालच्या जंगलात गेंडा

फैजपूरहून पहाटेच्या जीपने पालला उतरले
तेव्हा रुबाब तडवी नाक्यावर बिडी विझवत होता.
"बूट आनले ना, मॅडम?"
आणले होते. शाळेच्या कवायतीचे, पांढरे.
त्याने सुकीच्या काठचा मूठभर चिखल उचलला
आणि न विचारता त्यांना फासला.

प्रगणनेचा कागद माझ्याकडे, नजर त्याच्याकडे.
रकाने दोन : थेट दिसले. खुणा.
मागच्या साली पहिला रकाना कोराच गेला, म्हणाला,
"पन कोरा म्हंजे नाही, असं थोडीच."

मे महिना. सागाचं पान पापडासारखं मोडतं,
म्हणून तो दगडावरून दगडावर जातो.
मी वीस वर्षं भूमिती शिकवते;
हा कंपासपेटीशिवाय, नुसता तळहात
आडवा ठेवतो धुळीवर :
पाच बोटं एका रांगेत, पुढे नखं लांब.
अस्वल. मादी. रात्रीची.
"मादी कशावरून?"
"हे बघा ना बाजूले."
चहाच्या कपाच्या बुडाएवढं काहीतरी
आईच्या पाठीवरून इथे उतरलं होतं,
चार पावलं चाललं,
पुन्हा वर चढलं.

त्या चार पावलांपाशी मी बराच वेळ बसून राहिले.
तो थांबला. घाई केली नाही.

पुढे वारूळ उकरलेलं, आत अजून ओल.
मोहाच्या सालीवर ओरखडे, माझ्या डोक्याच्या वर.
वारा आमच्या पाठीकडून वाहू लागला तसा
त्याने वाटच सोडली, "आता तिले कळलं आपन कोन ते."

अंजनाच्या सावलीत (सावली कसली, चाळणीच)
भाकरी सोडता सोडता त्याने गेंड्याचं काढलं.
खात्याने पाठवलं होतं त्याला आसामात, पंधरा दिवस.
"गवत माह्या दुप्पट. दिसत काहीच नाही.
सात जन पायी, एकामागं एक.
त्याचा श्वास आइकू येतो, पिठाच्या गिरनीचा पट्टा फिरतो तसा.
मंग गवत हाललं नाही काही,
गवताच्या मधला अंधारच उठून उभा राह्यला.
सांगू का, मी काय केलं? नमस्ते केलं."

हसला. मग हसायचा थांबला.

"त्याले कमी दिसतं म्हने. माह्या बापाले बी नव्हतं दिसत,
वासानं वळखे कोन आलं ते.
तसंच नाक वर करून उभा व्हता तो, माह्याकडं.
मले वाटलं, आता इचारंन :
रुबाब्या, बकऱ्या आल्या का रे सगळ्या?"

उतरताना कोणी फार बोललं नाही.
एकदा फक्त सालईच्या खोडाला हात लावून
तो "गरम हाये" म्हणाला, कपाळाला लावावा तसा हात.

त्याच्या अंगणात, हापशाच्या सांडपाण्यावर
खांद्याइतकं एक झाड. पानं रुंद, देठाशी बदामी.
इथल्या कुठल्याच झाडाची नाहीत.
गेंडा रोज एकाच जागी शेण टाकतो, डोंगर होतो त्याचा;
त्यातली एक बी काड्यापेटीतून आली,
तीन दिवस, दोन रेल्वे, भुसावळ, पाल.
रेंजर साहेबांनी दोनदा पुस्तक उघडलं. नाव सापडलं नाही.
घरात हुरमतने ठेवलंय तेच चालतं.
आत्ताही ती चुलीपासून ओरडली,
"गेंड्याले पानी टाकलं का?
आन् ती बकरी हाकला, कान खाऊन राह्यली त्याचे!"

मी कागद गुडघ्यावर घेतला.
अस्वल, मादी, एक. पिल्लू, एक. दोन्ही खुणा.
खाली एक ओळ उरली होती, तिथे पेन रेंगाळलं.
रुबाबने ते पाहिलं.
"नका लिहू, मॅडम," बकरीला ढेकूळ मारत म्हणाला,
"पुढच्या साली मोजाले येतीन."